ज्या घुमटाला रोज हात जोडले

आमच्या खानदेशची माणसं सुरतेला दोन कामांसाठी येतात. एक तर लूमवर चिकटायला, नाहीतर घरच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. साड्यांचे गठ्ठे बांधून झाले की मला विचारतात, आप्पा, इथं बघायसारखं काय आहे? मी सांगायचो, काही नाही, रिंगरोडचा पूल आहे तो बघा, नाहीतर खमण खा आणि गाडी धरा. सगळी उमर या गावात काढून मी असं सांगत आलो. ते खरं नव्हतं हे मला यंदा कळलं. ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरं वळून उरेल तेवढी. भाषा सांभाळून घ्या. नाही घेतली तरी मी आता बदलणार नाही.

आमचा प्रकाश कडोदऱ्याला एका यार्नवाल्या शेठकडे आहे. शेठचे बाहेरगावचे पाहुणे सुरत पाहायला येणार होते. त्यांच्यासाठी पांढरी अँबेसेडर आणि माहिती सांगणारा माणूस दिवसभरासाठी ठरवला होता. पाहुण्यांनी आदल्या दिवशी लोचो जरा जास्त खाल्ला आणि ते हॉटेलात झोपून राहिले. शेठ प्रकाशला म्हणाला, गाडी फुकट जाईल, तुझ्या आईबापाला फिरव.

मी म्हणालो, "दुसऱ्याच्या उरलेल्या गाडीत मी बसत नाही."

सुमन आमची लेक. सुमनची माय म्हणजे आमची मंडळी. तिचं नाव मी घेत नाही, आता या वयात काय घ्यायचं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि कोसाडच्या आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसली. सगळी गल्ली बघायला लागली. ती काचेतून म्हणाली, "चाला, बठा गाडीमा." घरात आमची बोली अहिराणीच. आता बायको अँबेसेडरमध्ये आणि आपण ओट्यावर, हे शोभतं का? बसलो.

गाडी निघण्याआधी दोन गोष्टी सांगायला पाहिजेत, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

पहिली गोष्ट माझ्या धाकट्या भावाची, धनराजची. आठ दिवसांनी गावाकडे त्याच्या दुसऱ्या मुलीचं लग्न होतं. निरोप आला होता. मी जाणार नाही म्हणून सांगितलं होतं. कारण त्याच्या पहिल्या मुलीच्या लग्नात माझा मान झाला नाही. आमच्याकडे मांडवात एकेकाचं नाव पुकारून टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. नवरीचा सख्खा मोठा काका म्हणून पहिला मान माझा. मी पुढंच बसलो होतो, नवं धोतर नेसून. माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांना टोप्या घातल्या, गावच्या दुकानदाराला घातली, आणि सगळा मांडव माझ्याकडे वळून वळून पाहत होता. हसतही होते. मी उठलो आणि न जेवता मोटारस्टँडवर गेलो. त्यानंतर धनराजशी बोलणं नाही. सुमनची माय त्यानंतर माहेरच्या वाटेनं गावात जाऊन यायची, माझ्या घरी दिवा लावायची आणि परत यायची. ही दुसरी मुलगी तिच्या मांडीवर वाढलेली. या लग्नाला तिला जायचं होतं, आणि मला सोडून जायचं नव्हतं. तेवढ्यावरून घरात पंधरा दिवस अबोला होता.

दुसरी गोष्ट माझ्या कानाची. लूमच्या खात्यात सगळे लूम एकदम चालतात तेव्हा शेजारी उभा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथं ओठ पाहून बोलायचं. आवाज काढायचा नाही, फक्त ओठ नीट हलवायचे, आणि राहिलेलं हातानं. सुमनची माय कतारगामच्या त्याच खात्यात कांड्या भरायला होती. आमचा निम्मा संसार असा बिनआवाजाचा झाला. भांडणंही. पुढं माझे कान त्या आवाजातच राहिले. समोरून कुणी मोठ्यानं बोललं तर येतं, बाजूनं किंवा मागून आलं तर नाही. पण हे मी कुणाला कबूल केलेलं नव्हतं. तिला मी माझ्या गळ्याची शपथ घातली होती की ही गोष्ट गावात कुणाजवळ काढायची नाही. खेड्यात एकदा बहिरा नाव पडलं की ते नातवंडांपर्यंत चालतं.

आता गाडी निघाली.

किल्ला

माहिती सांगणारे हसमुखभाई. पन्नाशीचे, गोरे, पांढरा सदरा, तोंडात सुपारी. अर्धी गुजराती आणि अर्धी हिंदी, आणि आवाज असा मऊ की जणू बाळ झोपवताहेत. शिवाय पुढच्या सीटवर बसून काचेकडे तोंड करून बोलत होते. मला एक अक्षर पोचलं नाही. मी मान हलवत राहिलो. मग बाजूला पाहिलं तर सुमनची माय माझ्याकडे वळून ओठ हलवत होती. भाजीवालीशी घासाघीस करून करून तिची गुजराती माझ्यापेक्षा चांगली. खात्यात जशी बोलायची तशी, आवाज न काढता, ती मला हसमुखभाईंचं सगळं सांगायला लागली.

किल्ला तापीच्या काठावर आहे. त्याच्यासमोरून मी शंभर वेळा गेलो असेन, पण आत सरकारी ऑफिसं आहेत म्हणून कधी वर पाहिलं नव्हतं. वर बुरूज आहेत, रुंद, गोल. दगडात दगड बसवून मध्ये शिसं ओतलंय म्हणतात. मी भिंतीवर हात ठेवला. उन्हानं तापली होती, बैलाच्या पाठीसारखी. नदीकडच्या बाजूनं वारा येत होता आणि खाली एक बाई गाळातून म्हैस बाहेर काढत होती. गव्हर्नर कोण होते, तोफा कुठं होत्या, ते ओठांवरून फार कळलं नाही. नावं ओठांवरून कळत नाहीत.

हसमुखभाई एका जागी उभे राहून हात लांब करून बरंच बोलले. मला कळलं की आमच्या महाराजांविषयी असणार. मी सुमनच्या मायकडे पाहिलं. तिचे ओठ म्हणाले, "तुमचे महाराज आले तेव्हा इथला सुभेदार घाबरून या किल्ल्यात लपून बसला. महाराजांनी गरिबाच्या घराला हात लावला नाही, असं सांगतोय."

मला फार बरं वाटलं. मी हसमुखभाईंच्या पाठीवर थाप मारली. "खरं सांगितलं. गुजराती असून खरं सांगितलं."

हसमुखभाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि सुपारी दुसऱ्या गालात घेतली.

तिथून मुघलांच्या सराईत गेलो. हजला जाणारे लोक जहाजाची वाट पाहत इथं उतरायचे. आता तिथं महानगरपालिका आहे. या इमारतीत मी घरपट्टीच्या रांगेत किती वेळा उभा राहिलोय, कमानी कधी दिसल्या नाहीत. रांगेत पुढच्याची पाठ दिसते. या वेळी रांग नव्हती म्हणून कमानी दिसल्या. त्या प्लेगच्या साली सगळं शहर पळालं होतं, त्यानंतर इथल्याच लोकांनी गल्ल्या झाडून काढल्या. अंगण आता धुतल्यासारखं. सुमनची माय म्हणाली, "इथं पापड वाळत घालावेत." हे मात्र ती आवाज काढून म्हणाली.

डच लोकांची जागा

दुपारी कतारगाम दरवाजाजवळ डच लोकांच्या कबरस्तानात थांबलो. कबरी म्हणू नयेत, बंगले आहेत. एक तर दोन मजली, आठ बाजूंची, वर गॅलरी. आमच्याकडे माणूस गेला की राख नदीला देतात आणि दारात एक दगड ठेवतात, तोही दहा दिवस. हे लोक कापूस आणि कापड न्यायला आले आणि इथंच एवढाले दगड अंगावर घेऊन झोपले. मी सुमनच्या मायला म्हणालो, "कापडाच्या धंद्यात आलेला माणूस परत जात नाही, बघ."

लिंबाच्या सावलीत फडकं सोडलं. हसमुखभाई लोचो आणि चटणी घेऊन आले होते. लोचो म्हणजे ढोकळ्याचं पीठ फसलेलं, वर तेल आणि शेव. चांगला लागतो, पण त्यातही साखर. यांच्या डाळीत साखर, भाजीत साखर. सुमनच्या मायनं त्यांना भाकरीवर ठेचा वाढला.

"काकी, तिखट तो नथी ने?"

"नाही नाही, पोरंबी खातात."

पहिल्या घासाला त्यांचे कान लाल झाले. दुसऱ्याला उचकी लागली. तरी माणूस चांगला, पान टाकलं नाही. डोळे पुसत माझ्यासमोर येऊन बसले, म्हणून पहिल्यांदा त्यांचं बोलणं मला सरळ ऐकू आलं.

"काका, एक पूछूं? बुरा मत मानना. मी किल्ल्यावर सांगितलं की मराठ्यांनी सुरत लुटली, चार दिवस बाजार जळत होता. इथं पुष्कळ मराठी लोक येतात, ते माझ्याशी भांडतात. तुम्ही पाठ थोपटली. असं का?"

मी सुमनच्या मायकडे पाहिलं. ती खाली मान घालून भाकरी मोडत होती.

मी म्हणालो, "हसमुखभाई, लुटली नाही. खंडणी मागितली होती, दिली नाही म्हणून न्यावी लागली."

"हां, हां. नेली."

"नेली."

"लेकिन जळाली पण."

"पाणी घ्या," मी म्हणालो. "उचकी थांबेल."

ते पाणी आणायला गेल्यावर मी तिला विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "सकाळी सकाळी तुम्ही त्याच्याशी भांडला असता तर मला पुढचं काही पाहायला मिळालं नसतं." तेव्हापासून मात्र मी तिच्या ओठांवर जरा नजर ठेवून होतो.

कतारगाम दरवाजा

जेवण झाल्यावर हसमुखभाई म्हणाले, आता सगळ्यात मोठी जागा. गाडी वळली, आणि ही वळणं माझ्या पायांना पाठ होती. याच रस्त्यानं मी खात्यात जायचो. इथं एक उंच भिंत आहे, आत घुमट दिसतात. दिवसपाळी असो, रात्रपाळी असो, या घुमटांसमोर आलो की मी चपलेतून पाय काढून हात जोडायचो. कुण्या पीराचं ठिकाण असणार, एवढा मोठा घुमट उगीच कोण बांधतो. खात्यात एकाचं बोट धोट्यानं गेलं, माझं एकही गेलं नाही. मी ते याच घुमटाचं समजत होतो. सुमनला लहानपणी ताप उतरत नव्हता तेव्हा तिच्या मायनं या भिंतीशी नारळ फोडला होता, आणि ताप उतरला होता.

गाडी त्याच भिंतीच्या फाटकात शिरली.

"ये अंग्रेज लोगों का कबरस्तान," हसमुखभाई उतरून माझ्यासमोर उभं राहून म्हणाले. ठेच्यानंतर ते माझ्याशी तोंडासमोर येऊन बोलायला लागले होते.

"अंग्रेज?"

"हां. व्यापारी. कंपनीवाले."

मी त्या घुमटाकडे पाहिलं, मग सुमनच्या मायकडे. तिनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती.

"तुला हसू येतंय? नारळ कुणी फोडला होता?"

हसमुखभाईंना तिनंच सगळं सांगितलं. त्यांना हसावं की नाही कळेना. "काकी, अंग्रेजने नाळियेर?"

"मग? लागला ना गुण पोरीला," ती म्हणाली. आणि तिथंच उभी राहून तिनं घुमटाला पुन्हा हात जोडले. मीही जोडले. इतकी वर्षं जोडलेले हात एका दिवसात मागं कसे घेणार. मी कुणा साहेबाला जोडले नव्हते, घुमटाला जोडले होते.

आत गवत, बाभळी, राखणदाराच्या शेळ्या. एका साहेबाच्या कबरीवर राखणदाराच्या घरची गोधडी वाळत होती. मधला घुमट सगळ्यांत मोठा, दोन मजली, खांबांवर उभा, आत विहिरीत उतरल्यासारखा गारवा. वरून ऊन गोल पडलं होतं आणि पारव्यांचा सगळा मेळा कपारीत बसला होता. हसमुखभाई पुढं चालत बोलत होते, म्हणून पुन्हा ओठांचं काम सुमनच्या मायकडे आलं.

"इथं दोन भाऊ आहेत," तिचे ओठ म्हणाले. "सख्खे. एक आधी गेला, त्याच्यावर हा घुमट बांधला. मग दुसरा गेला, त्याला वेगळी जागा नाही केली. त्याच घुमटात, त्याच्यावरच."

मी खालच्या दगडाकडे पाहिलं.

"दोघांचं बोलणं नव्हतं," तिचे ओठ पुढं म्हणाले. "कशावरून तरी मानपान झाला होता. जिवंतपणी एकानं दुसऱ्याकडे जाणं केलं नाही. मग असं एकत्र यावं लागलं."

मी तिला मोठ्यानं विचारलं, "हे तो म्हणाला की तू?"

"दोघांनी मिळून," ती म्हणाली.

मला राग आला. मी तिच्याकडे पाठ केली आणि खांबावरची नक्षी पाहत उभा राहिलो. ठरवलं होतं की आता गाडीत बसेपर्यंत तिच्या ओठांकडे पाहायचंच नाही.

तेवढ्यात वरचे सगळे पारवे एकदम उडाले. माझ्या डोक्यावरून, खांबांमधून, सगळा घुमट पंखांनी भरून गेला. फाटकाजवळच्या राखणदारानं वळून माझ्याकडे पाहिलं. शेळ्यांनी माना वर केल्या. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं फाटकाशी थांबली, तीही माझ्याकडेच पाहायला लागली, आणि हसत होती. मला कळेना, माझ्याकडे काय आहे पाहण्यासारखं. मी वळलो. हसमुखभाई वरच्या मजल्याच्या कठड्यावर उभे होते, दोन्ही हात तोंडाशी धरलेले, आणि त्यांचं तोंड पुन्हा उघडत होतं. घुमटात आवाज कसा घुमतो हे दाखवायला ते वर गेले होते. ते माझं नाव पुकारत होते. सुपडूकाका, सुपडूकाका. सगळ्या कतारगामला ऐकू गेलं असणार.

मला फक्त पारवे दिसले होते.

आणि असंच सगळ्यांचं वळून पाहणं मी आधी एकदा पाहिलेलं होतं. असाच मांडव वळला होता. असेच हसले होते.

सुमनची माय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. या वेळी तिनं ओठांनीही सांगितलं आणि आवाजानंही सांगितलं. "त्या दिनबी असंच व्हयनं. तुमनं नाव सर्वात पहिलं लिधं व्हतं. भाऊजींनी स्वतः भोंग्यावर घेतलं, दोनदा-तीनदा. तुम्ही उठले नाही."

"मग हातानं का नाही उठवलं कुणी?"

"भाऊजींना वाटलं तुम्ही रुसले. सगळ्या गावासमोर दादानं माझी टोपी नाकारली, असं त्यांनी धरून घेतलं. मी बायकांत, मांडवाच्या त्या टोकाला. मी पोचेपर्यंत तुम्ही मोटारस्टँडवर."

"नंतर सांगायचंस."

"कोणाला? तुम्हाला सांगायला गेलं की तुम्ही कानाच्या नावानं ताटावरून उठता. आणि त्यांना कसं सांगू? गळ्याची शपथ घातलीय तुम्ही."

माझं चुकलं असं मी इथं लिहिणार नाही. बँड फार मोठा होता, कुणालाही ऐकू आलं नसतं. पण ती एवढी वर्षं दोन्ही घरांच्या मध्ये तोंड बांधून उभी राहिली, आणि ते माझ्या गळ्यासाठी. तिच्या केसांत पारव्याचं एक पीस पडलं होतं. मी काढलं. चारचौघांत असं मी कधी केलेलं नाही, पण तिथं चारचौघं म्हणजे साहेब लोकच होते.

हसमुखभाई खाली आले. "काका, सुनाई दिया?"

"दिया," मी म्हणालो. "खूप घुमतं."

तापीकाठ

परतताना उन्हं उतरली होती. कोसाडला जायला तापीचा पूल ओलांडावा लागतो. मी गाडी पुलाच्या अलीकडे थांबवायला सांगितली. नदीवर ऊन सांडलं होतं, धुणी करणाऱ्या बायका कापड गोळा करत होत्या, कुठल्या तरी प्रोसेस मिलचं रंगाचं पाणी एका कडेनं गुलाबी जात होतं. आमच्या तापीला गावाकडे असा रंग नाही. पण पाणी तेच. धनराजच्या मळ्याखालून निघतं आणि इथं येतं. हे मी पूर्वी कधी मनात आणलं नव्हतं.

सुमनची माय शेजारी येऊन उभी राहिली. जुन्या पद्धतीनं घातलेली शपथ घालणाऱ्यानंच सोडावी लागते, तोंडानं, नाहीतर ती सुटत नाही. तिनं नदीकडे पाहतच म्हटलं, पण मान माझ्याकडे अर्धी वळवून, मला ओठ दिसतील इतकी. "सुटनी म्हना."

"गावात सगळे बहिरा म्हणतील."

"म्हणू द्या. तुम्हाला कुठं ऐकू येणार आहे?"

गाडीजवळ हसमुखभाई हसत होते, त्यांनी ऐकलं असणार. मी घसा साफ केला. "सुटनी," मी म्हणालो. सुटली.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि लगेच हिशोब मांडला की लग्नाला कोणत्या गाडीनं निघायचं, नवरीला साडी कोणती, हसमुखभाईंना ठेचा बाटलीत भरून द्यायला हवा. मी फक्त तिच्या ओठांकडे पाहत होतो.

गावाकडचा मांडव

सुरतेचं वर्णन इथं संपतं, पण एवढं सांगून थांबतो.

लग्नात मी पुढंच बसलो. बँड त्याच गावचा, तेवढाच मोठा. टॉवेल-टोपीची वेळ आली. धनराजच्या हातात भोंग्याचा माईक होता. त्याचे केस पांढरे झालेत, मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं माईक कुणाच्या तरी हातात दिला आणि मांडव ओलांडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी त्यानं स्वतः झटकली. मग तोंड उघडलं. आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले, ऊस चावल्यासारखे, वाकडेतिकडे. सकाळी चुलीपाशी सुमनच्या मायनं त्याला शिकवलं असणार. दादा, ऊठ.

आमच्या खात्यात असा बोलला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मला पहिल्याच वेळी कळलं. तरी मी त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं, आणि मग उठलो.